मी आतली केबल, मला गच्चीत टाकलं

मित्रांनो, मी एक पिवळी केबल आहे. जुनी म्हणा, फुटकी म्हणा, पण तार म्हणू नका. तारेतून वीज जाते, माझ्यातून उजेड जातो. एवढा फरकही कळत नसेल तर पुढचं ऐकून काही उपयोग नाही. तरी सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

माझ्या पोटात केसासारखी बारीक काच आहे. तिच्यातून उजेड एकाच वाटेने जातो, म्हणून आम्हाला सिंगल मोड म्हणतात. आम्ही म्हणजे मी आणि ती काळी केबल. काच दोघींची सारखीच, फरक आहे तो कपड्यांचा. माझ्या काचेवर प्लॅस्टिक घट्ट बसवलेलं आणि वर पातळ पिवळं साल. मी हलकी, लवचिक. भिंतीच्या कडेने न्या, छताच्या आतून न्या, मी निमूट जाते. माझं साल सहजासहजी पेटही घेत नाही. काळीची काच मात्र एका नळीत सैल सोडलेली असते. नळीत चिकट जेली भरलेली, म्हणजे पाणी शिरत नाही, आणि उन्हाने अंग फुगलं किंवा आखडलं तरी काचेला ओढ बसत नाही. वरून जाडजूड काळा कोट. ती बाहेरची, मी आतली. तिला घरात आणलं तर ती वळणावर कुरकुरते आणि आग लागली तर भडकते. मला बाहेर काढलं तर मी मरते. आता तिसरी एक नवी आली आहे म्हणे, बोटाभोवती गुंडाळली तरी उजेड सांडत नाही म्हणून मिरवते. मिरवू दे. असल्याच पातळ सालात उन्हात पडली तर तिचेही हाल माझ्यासारखेच होतील.

दोन हजार सातच्या पोंगलच्या आधीची गोष्ट. चेन्नईत अण्णा नगरच्या एका डोळ्यांच्या इस्पितळाने अंगणापलीकडे नवी इमारत बांधली होती. डोळ्यांची चित्रं नव्या इमारतीत काढायची आणि डॉक्टरांनी ती जुन्या इमारतीत पडद्यावर बघायची, असा बेत होता. त्यासाठी या गच्चीवरून त्या गच्चीवर केबल टाकायची होती. काम पाहणारी इंजिनिअर होती हरिप्रिया. तिचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, पण ती स्वतः जन्मापासून चेन्नईची. हे काम नीट झालं की शहरातल्या सगळ्या कामांची मुख्य तीच होणार, असं केबल टाकणाऱ्या कंपनीच्या अशोक सरांनी चारचौघांत सांगितलं होतं. ती त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. तिच्या हाताखाली होता शार्दूल, नाशिकहून नुकताच आलेला.

पहिल्या दिवशी ती हसतमुखाने त्याच्यापुढे आली. "तुम्ही मराठी म्हणून सर काल सांगट्ले," ती म्हणाली.

शार्दूल खो खो हसत सुटला. "सांगट्ले? मॅडम, हे कुठलं मराठी? तुम्ही इंग्रजीतच बोला बुवा, माझं पोट दुखायला लागलं."

तिचा चेहरा पडला. तिच्या आजीची, पणजीची भाषा ती, आणि हा काल आलेला पोरगा तिची टर उडवत होता. मी स्टोअरमध्ये रिळावर गुंडाळलेली होते, नाहीतर तिथेच त्याच्या पायात अडकून त्याला तोंडावर पाडलं असतं.

उद्घाटन जवळ आलं, आणि जॉर्ज टाउनच्या व्यापाऱ्याकडून काळी काही येईना. घोडं अडलं. शार्दूलने माझ्या सालावरची अक्षरं वाचली. "तीही सिंगल मोड, हीही सिंगल मोड. काच तीच ना? टाका हीच," असं म्हणून त्याने मला जिन्याने वर चढवलं. तेवढ्यात हरिप्रिया आली. तिला एग्मोरच्या दुसऱ्या कामावर पोहोचायचं होतं. भोवती कामगार होते, इस्पितळाची माणसं होती. त्यांच्यादेखत त्याचा पाणउतारा नको, म्हणून ती त्याच्या जवळ गेली आणि हलक्या आवाजात घरच्या मराठीत म्हणाली, "शार्दूल, वेळीला हें होणार नाहीं."

आता नीट ऐका. तमिळमध्ये वेळी म्हणजे बाहेर. तंजावरच्या मराठी घरांत असे तमिळ शब्द बोलण्यात सहज येतात. 'हे बाहेर चालणार नाही' असं ती सांगत होती. शार्दूलला ऐकू आलं, 'वेळेला हे होणार नाही'. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"का नाही होणार? होणार म्हणजे होणार! बघाच तुम्ही," तो म्हणाला.

हरिप्रियाला वाटलं, सगळं समजूनही हा उर्मटपणे केबल बाहेर टाकणारच म्हणतो आहे. तिचाही पारा चढला. "सरी, तुमचं तुम्ही बघा," म्हणून ती तरातरा निघून गेली. सरी म्हणजे तमिळमध्ये बरं. पुन्हा एकदा विचारायला दोघांचीही जीभ वळली नाही. परत आल्यावर तिने गच्चीत जाऊन पाहायला हवं होतं. त्याचं तोंड बघायला नको म्हणून ती वर चढलीच नाही. खाली उजेड पोचतो आहे एवढं पाहून तिने काम झालं म्हणून सांगून टाकलं.

उद्घाटन थाटात झालं. चित्रं पापणी लवायच्या आत पडद्यावर येतात म्हणून डॉक्टरांनी पडद्याचं कौतुक केलं, यंत्राचं केलं. माझं नावही कोणी काढलं नाही. मी वर कठड्यावर उघडी पडलेली होते. मग मे महिन्यातली कत्तिरी सुरू झाली. त्या उन्हाला चेन्नईची माणसंसुद्धा हात जोडतात. माझं साल तडकलं. वरच्या एसीचं पाणी थेंब थेंब माझ्या अंगात मुरू लागलं. प्लॅस्टिक काचेला आवळू लागलं आणि माझा उजेड वाटेतच सांडू लागला. खाली चित्रं आधी अर्धवट येऊ लागली, मग यायचीच थांबली. सरोजा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई डोळ्यांत औषध घालून, पदर डोळ्यांवर धरून, अख्खी दुपार बाकावर बसून राहिल्या. त्यांच्या मुलीने डॉक्टरांशी कडाक्याचं भांडण केलं. तिचं काही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अशोक सर घामाघूम होऊन गच्चीत आले. मागे हरिप्रिया आणि शार्दूल होते. सरांनी मला उचललं, तर सालाचे तुकडे त्यांच्या हातात आले.

"आतली केबल बाहेर कोणी टाकली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. सरांना मराठीचा गंध नव्हता.

हरिप्रिया शार्दूलवर कडाडली. "मी सांगट्लं नाहीं का तुम्हाला? वेळीला होणार नाहीं म्हणून?"

"मग? झालं की वेळेत!" तोही उसळला. "उद्घाटनाच्या आधी सगळं तयार होतं. बोला!"

आता तिला घोळ उमगला. "वेळेत नव्हे हो," ती सावकाश म्हणाली. "वेळी. बाहेर."

शार्दूलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला सगळं समजलं. मी त्याच्या पायाशीच पडलेली होते, मी त्याचा चेहरा पाहिला.

"काय चाललंय तुमचं?" सर वैतागले. "शार्दूल, हिने तुला सांगितलं होतं की नाही? हो किंवा नाही."

शार्दूलने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "नाही सर. मला कोणीच सांगितलं नाही."

सगळं खापर हरिप्रियावर फुटलं. आपण मराठीत सांगितलं होतं, असं ती म्हणाली, तेव्हा सर म्हणाले की कामाच्या गोष्टी इंग्रजीत सांगायच्या असतात. मुख्याची जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. शार्दूलची नोकरी टिकली. मला ओढून काढलं आणि माझ्या जागी ती काळी ऐटीत जाऊन बसली. माझा एक धड तुकडा कंपनीच्या स्टोअरमध्ये खिळ्याला टांगला गेला. तिथून मला हरिप्रियाचं टेबल दिसतं.

त्या वर्षी दिवाळीला शार्दूलला रजा मिळाली नाही. दुपारी तो तिच्या टेबलापाशी घुटमळला. "मॅडम, घरी फराळाला काय काय केलंत?" त्याने विचारलं. "कितीतरी दिवसांत कोणाशी मराठी बोललो नाही हो."

हरिप्रियाने मान वर केली. "पुरियल," ती तमिळमध्ये म्हणाली. म्हणजे कळलं नाही. आणि तिने पुन्हा कामात डोकं घातलं. शार्दूल निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो गेल्यावर तिने हळूच डोळे पुसले, तेव्हा मात्र मला बरं वाटलं नाही.

मित्रांनो, आतली केबल आत ठेवा, बाहेरची बाहेर ठेवा, नुसती सालावरची अक्षरं वाचून शहाणपणा करू नका. कोणाचं बोलणं समजलं नाही तर हसू नका, पुन्हा विचारा. आणि समजलं असेल, तर समजलं नाही म्हणू नका. माझा उजेड सांडत होता तेव्हा मला ओरडता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.