गोधडीचा घास

तुम्ही वैजयंताबाई मगदूमची सुई अडवलीत. आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू.

इचलकरंजीत ती मोबाइलच्या काचेत सुई खुपसायची आणि सुई आइंडहोवनला, तिच्या लेकीच्या मोबाइलमधून बाहेर निघायची. लेक अश्लेषा तिकडून दोरा ओढून घ्यायची, चार टाके घालायची आणि सुई परत आत सारायची. मायलेकींची एकच गोधडी होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधला पट्टा काचेत. सात महिने हे चाललं होतं आणि कुणाच्या बापाचं काही बिघडलं नव्हतं.

गल्लीतल्या बायकांनाही मग चटक लागली. शेजारच्या बानूबीने इथं पाटावर बसून शारजाच्या भाचीच्या तळहातावर मेंदीचा कोन फिरवला. कोपऱ्यावरच्या शिंपिणीने पुण्यातल्या मुलाच्या शर्टाचं बटण त्याच्या अंगावरच लावलं आणि वर, आता तरी बारीक हो, म्हणून त्याच्या पोटाला चिमटा काढला. तुमचं ॲप तुम्ही चेहरे बघायला केलं होतं. बायका त्यातून काम करायला लागल्या. हेच खुपलं ना तुम्हाला?

गोधडी अश्लेषाच्या बाळासाठी होती. बाराव्या दिवशी, रविवारी, आपल्याकडच्या दुपारी चारला बारसं ठरलं. गोधडीचा फक्त शेवटचा कोपरा शिवायचा राहिला होता. तो मुद्दाम ठेवला होता. मगदुमांच्या घरात सुई थांबली म्हणून गोधडी झाली असं म्हणत नाहीत. शेवटचा कोपरा मिटायच्या आधी घरातल्या थोरल्या बाईने आपल्या हाताने त्यात भाकरीचा घास ठेवायचा असतो. तो ठेवला नाही तर गोधडी उपाशी राहते, आणि उपाशी गोधडी पांघरणाऱ्याची ऊब खाते. वैजयंताबाईच्या आईने हे तिला सांगितलं होतं आणि तिने ते कधी तपासून बघितलं नव्हतं.

चारला पाच कमी असताना सुई काचेत अडकली. नेढं इकडे, टोक तिकडे. काचेवर अक्षरं उमटली की ही हालचाल नियमात बसत नाही. खाली मदतीचा नंबर होता. वैजयंताबाईने बानूबीच्या मोबाइलवरून तो लावला. तुमच्या माणसाचा आवाज गोड होता.

"मॅडम, वस्तू पूर्ण झाली आहे का?"

बानूबी समोरून मान हलवून सांगत होती, हो म्हण, हो म्हण. पण घास घालायच्या आधी गोधडी झाली असं वैजयंताबाई म्हणणार कशी?

"नाही बाबा. कोपरा ऱ्हायलाय. घास घालायचाय अजून."

"म्हणजे अपूर्ण. अपूर्ण वस्तू कुणाच्याच मालकीची नसते, मॅडम. ती आमच्याकडे जमा होईल. सहकार्याबद्दल धन्यवाद."

बानूबीने कपाळावर हात मारला. "हो म्हटली असतीस तर जीभ झिजली असती गं तुझी?"

"खोटं बोलून घातलेला घास लेकराला पचंल का?" वैजयंताबाई म्हणाली.

तेवढ्यात गोधडी काचेत जायला लागली. पहिल्यांदा आईच्या इरकलीचा तुकडा गेला. मग अश्लेषाच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचा, मग नवऱ्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचा. वैजयंताबाईने दोन्ही पाय भिंतीला लावून ओढून बघितलं. गोधडी काही थांबेना, एकसारखी सरकत राहिली. बाहेर मात्र कुठेच निघाली नाही. पडद्यावर अश्लेषा दिसत होती.

"आई, इकडचीपण आत चाललीय. बाळाला तिच्यात गुंडाळलंय गं."

"सोडव की मग."

"सुटत नाही. टाके त्याच्या झबल्यात गेलेत. मी नाही घातले ते."

बानूबीने कात्री आणली. कात्रीला दोरा कापेना, तिचीच पाती वाकली. इकडची गोधडी संपली तेव्हा दोऱ्याने उशीचा अभ्रा धरला, मग खिडकीचा पडदा, मग वैजयंताबाईचा पदर. त्याच्यामागोमाग खोलीही लहान व्हायला लागली. मघाशी चार पावलांवर असलेली चूल आता तिच्या पाठीला टेकत होती. दार उशीएवढं झालं होतं. बानूबी गुडघ्यांत मान घालून बसली, कारण छत तिथवर आलं होतं. फोनवर तुमचा माणूस अजून होता. तो म्हणत होता, आपली प्रक्रिया सुरू आहे.

"आई, ह्याचं अंग गार पडाय लागलंय," अश्लेषा म्हणाली. ती रडत नव्हती. रडत बसायला तिचे हात मोकळे नव्हते.

वैजयंताबाईने चुलीशेजारच्या टोपल्यातली सकाळची भाकरी मोडली. घास तीन बोटांत धरला आणि हात काचेत घातला. मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत. आत थंड होतं. एकावर एक कापडं लागत होती, इतकी की एका गल्लीची नसावीत. बोटं चाचपडत पुढं गेली आणि तिला आपल्या गोधडीचा उघडा कोपरा लागला. आपला टाका तिला अंधारातही कळतो. ती घास आत सोडणार, तेवढ्यात कुणीतरी तो बोटांतून काढून घेतला. ओढून नाही. तोंडाने. सावकाश.

तिने हात बाहेर काढला. घास नव्हता. बोटं ओली होती आणि त्यांच्यावर दातांचे वळ होते, एका ओळीत, नीट. बानूबीने मोजले, आठ भरले. पडद्यावरचं चित्र थांबलं होतं. त्यात अश्लेषाच्या कडेवर बाळ तोंड उघडून होतं आणि पडद्याच्या कडेला गोधडीचा तोच कोपरा उघडाच, रिकामा.

बाळाला दात नाहीत. बारा दिवसांचं आहे ते. गोधडीलाही दात नसतात.

वैजयंताबाईने फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी चावत होतं.

तिने विचारलं, "घास कुणी खाल्ला?"

आम्ही गल्लीतलेपण तेच विचारतोय. तोंड उघडा आणि सांगा.