कुंकवावरची सही

पौषातला दुसरा रविवार, सकाळ. अकोला, उषाताईंच्या घराची मागची खोली. हजर तिघं: हे टिपण लिहिणारी मी; उषाताईंचे धाकटे भाऊ मनोहरराव, व्यवसायाने वकील; आणि जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या आमच्या मंडळाचा नितीन, जो अमरावतीहून माझ्यासोबतच आला. गैरहजर: उषाताई. दिवाळीनंतर त्या गेल्या.

तरी खोलीत पहिली हजेरी त्यांचीच लागली. मनोहररावांनी खिडकी उघडली आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन टेबलावर आडवं पसरलं. उषाताई कायम याच उन्हाची वाट पाहायच्या. माथ्यावरचं ऊन सगळं सपाट करून दाखवतं, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं त्या म्हणत. तिरप्या उन्हात मात्र कागदावरची प्रत्येक घडी, दाबलेली प्रत्येक रेघ, कुणी गुपचूप चिकटवलेला कोपरा आपापली सावली घेऊन उभा राहतो. पुस्तक डोळ्यांच्या रेषेत धरून, मान किंचित कलती करून, एक डोळा मिटून त्या पाहू लागल्या की सुईत दोरा ओवणाऱ्या बाईसारख्या दिसायच्या. श्वाससुद्धा बेताने घ्यायच्या. मग भिंग यायचं. मग कान. पान उलटताना त्या खरोखर कान जवळ न्यायच्या. निरोगी कागद उलटताना कुजबुजतो, उन्हाने करपलेला कुरकुरतो, आणि दमट झालेला मुकाट्याने उलटतो. त्या मुक्या कागदाचीच त्यांना सर्वांत जास्त काळजी वाटायची.

उषाताई शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्तीनंतर, आणि खरं तर त्याआधीही, आमच्या मंडळाचं परीक्षण त्यांच्याकडेच होतं. पुस्तकाचा कणा ताठ आहे का, पिना गंजल्या आहेत का, कोपरे, चकाकी, पानांचा पिवळेपणा, आणि मुखपृष्ठावर चित्रकाराची सही असेल तर ती त्याचीच का. एवढं पाहून त्या पुस्तकाची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवत. अमरावती, अकोला, अकोट, परतवाडा, कुठूनही पुस्तक आलं तरी त्यांचा शब्द शेवटचा असे.

या घरात संत्रं सोलायला बंदी होती. अमरावतीहून येताना आम्ही पिशवी भरून न्यायचो, आणि ती अंगणातच अडवली जायची. सालीतून उडणारे ते बारीक तुषार आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. कागद मात्र ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो आणि एक दिवस तपकिरी ठिपक्यांनी बोलून दाखवतो. आणि कूलर! वैशाखात अकोल्याच्या घराघरांतून ओल्या वाळ्याचा गारवा घरघरत वाहत असताना ही बाई पुस्तकांच्या खोलीत कोरड्या, भट्टीसारख्या हवेत बसायची, कारण कूलरच्या ओलाव्याने पानांना लाटा येतात. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला पांढरं फडकं बांधलेलं, कोपरापर्यंत हात धुऊन कोरडे केलेले. मनोहरराव दारातूनच ओरडायचे, "ताई, पुस्तकं वाचतीन अन् तू मरशीन!" आत्मीयता होती त्यात, मी नाकारत नाही. पण खोलीत पाऊल त्यांनी कधी टाकलं नाही. बहिणीने त्या उकाड्यात काय जपलं होतं, हे त्यांना तेव्हा पाहायचं नव्हतं आणि आज कबूल करायचं नाही. मला हे शांतपणे लिहायचं होतं. जमत नाही.

त्यांनी सर्वांत जास्त जपलं ते एक साधं, सोळा-अठरा पानी कॉमिक. 'गाविलगडचा घुबड्या'. रात्री किल्ल्यावरून उतरून लाकूडचोरांना पकडणारा, पिसांचा झगा घातलेला आमचा वऱ्हाडी वीर. त्याचे चित्रकार वाकोडे मास्तर अकोटला राहत. तरुणपणी एका दसऱ्याला उषाताईंनी घरच्या सरस्वतीपूजनात पाठ्यपुस्तकांबरोबर घुबड्यालाही बसवलं, त्याच्या मुखपृष्ठावर हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि दुपारी तेच पुस्तक घेऊन त्या एसटीने अकोटला गेल्या. मास्तरांना सोनं द्यायला आणि सही मागायला.

हा प्रसंग त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. मास्तरांनी ते ओलसर कुंकू पाहिलं आणि पोटभर हसले. "अवो बाई, मले इतका मान माह्या घरच्याईनं नाही देला! पूजा माही केली का घुबड्याची?" मग शाईत कुंचला बुडवून त्यांनी एका दमात नाव लिहिलं, आणि 'डे'ची शेपटी मुद्दाम त्या कुंकवातून ओढत नेली. काळी रेघ लालात शिरली, लाल घेऊन बाहेर आली. उषाताई हे सांगताना हवेत बोट फिरवत. शेवटच्या वळणाला मनगट अलगद उचललं जाई, आणि क्षणभर त्या रिकाम्या हवेत खरोखर काहीतरी लिहिलेलं दिसे.

पुढे मास्तर गेले, त्यांच्या सहीची पुस्तकं शोधणारे वाढले, आणि खोट्या सह्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रत्येक शंकास्पद सही उषाताई आपल्या प्रतीशेजारी ठेवत. कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, 'को'च्या मात्रेला शाई कशी संपत आली आणि तरी हात थांबला कसा नाही. "हे पाय," त्या नितीनला म्हणायच्या, "हा थांबून थांबून लिहून राहिला. आपलं नाव कोणी विचार करून लिहिते का?" ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मास्तरांना सही करताना पाहिलं, अशा आमच्यात त्या एकट्याच होत्या. त्यांची प्रत ही आमची नमुना प्रत होती. तिच्यावरून खऱ्या ठरवलेल्या सह्या आज वऱ्हाडभर कपाटांतून आहेत.

बाहेरचे लोक त्या कुंकवाला डाग म्हणत. परदेशी पद्धतीच्या परीक्षणात मुखपृष्ठावर मागाहून लागलेला कुठलाही रंग हा दोषच. प्रत दोन पायऱ्या खाली. एकदा मुंबईहून आलेल्या एका संग्राहकाने हसत सुचवलं, हे साफ करून घ्या, भाव चढेल. उषाताईंनी पुस्तक शांतपणे गुंडाळून ठेवलं आणि त्याला चहा विचारला. चहा पाजून वाटेला लावला. दार लावल्यावर मात्र म्हणाल्या, "देवाचं बोट याले डाग दिसते. याच्या बायकोच्या कपाळाले काय म्हणत असन हा?"

तर त्या गेल्यावर मंडळाने ठरवलं की नमुना प्रत मुंबईच्या एका परीक्षण कंपनीकडे पाठवायची. ते लोक प्रत ठरवून पुस्तक पारदर्शक पेटीत बंद करतात. सही सुरक्षित राहील, उषाताईंचा शब्दही. कुंकवामुळे प्रत खाली येईल, येऊ दे, असं मी मनोहररावांना स्पष्ट सांगितलं होतं. पुस्तक त्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी ते छान बांधून दिलं. नितीनने ते न उघडता पाठवलं. पाठवताना पुस्तक उघडून पाहायचं असतं, हे पोराटोरांना कळतं. नितीनला कळलं नाही. वकीलसाहेबांनी बांधलंय म्हणून दोरीलाही हात लावला नाही म्हणे!

महिन्याभराने पुस्तक पेटीत न घालताच परत आलं, सोबत दोन ओळी. मुखपृष्ठ रसायनाने स्वच्छ केलेलं. सही अपूर्ण, अमान्य.

मनोहररावांनी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने कुंकू पुसलं होतं. बहिणीच्या पुस्तकाला चांगली प्रत मिळावी म्हणून, प्रेमाने. कुंकू गेलं. त्याच्यावरची शाई गेली. चकाकी गेली. उरलं ते 'वाको', आणि पुढे दूध सांडून पुसल्यासारखा एक फिकट पट्टा. वर्षानुवर्षं वैशाखाच्या आगीत बसून जे वाचवलं ते एका दुपारच्या स्वच्छतेत संपलं. सहीचा फोटोही नाही. फ्लॅशने शाई उडते म्हणून उषाताई कुणाला काढू देत नसत.

आणि आता मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालं आहे. बाईंची स्वतःचीच प्रत खोटी निघाली, तर आमच्यांचं काय? पहिल्याने प्रश्नचिन्ह टाकलं, दुसऱ्याने हात जोडले, तिसऱ्याने लिहिलं की पूर्वीपासूनच शंका होती. पूर्वीपासून! यातल्या प्रत्येकाने या टेबलाशी बसून त्यांच्या हातचे पोहे खाल्ले आहेत.

म्हणून आज मी एक कागद तयार करून आणला. तीनच वाक्यं. मुखपृष्ठावरचं कुंकू मी, मनोहर, याने पुसलं. त्याआधी सही पूर्ण होती, ती मी पाहिली होती. पुसताना शेवटचं अक्षर गेलं. खाली सही. एवढं कंपनीला आणि मंडळाला पाठवलं की सही मान्य होईलच असं नाही, पण उषाताई खोटारड्या नव्हत्या हे तरी उभं राहील.

मनोहररावांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे वळले.

"लिहून कायले पायजे, ताई? मी तोंडानं सांगून राहिलो ना."

"तोंडानं तुम्ही मला सांगता. ग्रुपवर नाही सांगत."

"मी वकील आहो. वकिलाच्या हातून पुरावा खराब झाला, असं मीच लिहून देऊ? उद्या बाररूममंधी लोक काय म्हणतीन?"

"आणि उषाताईंना लोक आज काय म्हणतात?"

"ती तर गेली न," ते म्हणाले. मोठ्याने नाही, कपाट आवरताना एखादी वस्तू बाजूला ठेवावी, तसं. "तिले आता काय फरक पडते?"

नितीनने खाली पाहिलं. मग पहिल्यांदाच बोलला, "भाऊ, मले पडते ना. मी चार जणाईले ताईच्या भरवशावर सह्या घेऊन देल्या."

"मंग तू दे लिहून! उघडून काहून नाही पाह्यलं?"

"देतो," नितीन म्हणाला, आणि माझ्याच पेनने, माझ्याच वहीतून फाडलेल्या कागदावर त्याने लिहून दिलं की आपण पुस्तक न उघडता पाठवलं. झरझर. वाकड्यातिकड्या अक्षरात. मला त्याच्यावर रागावत राहायचं होतं. ते त्याने कठीण करून टाकलं.

मनोहररावांनी मात्र आपला कागद घडी घालून माझ्याकडे सरकवला. "ठेवा. पाहू. तुमचा स्वभावच यादीचा, ताई. एक गोष्ट राहिली की तुमाले झोप नाही येत." आणि आतल्या बाजूला वळून म्हणाले, "चहा टाका वो, पाहुणे निघतीन."

मी चहा घेतला नाही. उठताना टेबलाकडे पाहिलं. ऊन सरकून कडेला गेलं होतं, आणि पुस्तकावर आता नुसता उजेड होता, सावल्या नसलेला. त्या उजेडात ते मुखपृष्ठ इतकं नितळ दिसत होतं की कुणालाही वाटावं, इथे कधी काही घडलंच नाही. न कुणी पूजा केली, न कुणी हसलं, न कुणा म्हाताऱ्या चित्रकाराने हात उचलून शेवटची रेघ ओढली.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडलं. कापसाचे ट्रक पुढून जात होते, धुळीत पांढरे धागे तरंगत होते. मी विचार करत होते की माणूस गेला की त्याच्याबद्दलचं खरं राहतं कुठे. त्याच्या वस्तूंत नाही. त्या कुणीही पुसू शकतं. ते राहतं ज्यांनी पाहिलं त्यांच्या जिभेवर, आणि त्या जिभा भेकड निघाल्या, तर काळाला काही करावंच लागत नाही. तो नुसता थांबतो. गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा न्यायचं काम मागे राहिलेलेच करतात, चहा टाकता टाकता.

कंपनीला पत्र: लिहून झालं. मंडळाला खुलासा: माझ्या नावाने टाकला, उत्तर म्हणून दोन अंगठे आले. नितीनचा कबुलीजबाब: सोबत जोडला.

मनोहररावांची सही: बाकी.