खोली नंबर सातला फुकट सल्ला

कारेगावात मालनबाईंची चाळ आहे. एके काळी तिथं ज्वारी होती. एमआयडीसी आली, निम्मं रान कंपन्यांत गेलं आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांचे यजमान हौशीराम आप्पांनी दहा खोल्या बांधल्या. तेव्हापासून आप्पा भाडं घेतात आणि मालनबाई सल्ला देतात. भाडं महिन्यातून एकदा असतं, सल्ला रोज.

सगळ्यात जास्त सल्ला जायचा सात नंबरच्या खोलीला. तिथं मैनाओ राहायची. आसामातल्या कोक्राझारची, ऐन चोविशीतली, इथल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. मालनबाई तिला मैना म्हणत. लेक करिश्मा दौंडला दिल्यापासून घर गप्प झालं होतं, ते या पोरीनं पुन्हा बोलकं केलं. रविवारी ती बाईंच्या केसांना मेंदी लावून द्यायची आणि लावता लावता त्यांच्याकडून मराठी शिकायची. बाईंचा तिच्यावर जीव होता, आणि ज्याच्यावर जीव असेल त्याला बाईंचं बोलणं दुप्पट ऐकावं लागायचं.

अडचण होती चौकातल्या टपरीची. कंपनीच्या बसमधून उतरून मैनाओ चालायला लागली की तिथल्या बाकड्यावरून आवाज यायचे. कुणी चायना म्हणे, कुणी मोमो. पहिल्यांदा ती रडवेली होऊन आली तेव्हा मालनबाईंनी तिला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि विचारलं, तू काय केलंस?

काही नाही, नुसती चालत होते, ती म्हणाली. बाईंना ते काही पटलं नाही. आपल्या गावची पोरं उगाच कुणाच्या वाटेला जात नाहीत, तुझ्या जीन्समुळं झालं असेल. मैनाओनं पंजाबी ड्रेस घातला, आवाज आलेच. मग केस तांबडे केलेत म्हणून. केस काळे झाले. मग तू येता-जाता हसतेस म्हणून. तिनं हसणं सोडलं, तर आठवड्यानं बाईच म्हणाल्या, असं तोंड आंबट करून चाललीस तर चिडवणारच की. तिच्या सुक्या मासळीच्या वासाचाही मुद्दा निघाला होता, पण तो बाईंनी लवकर आवरता घेतला, कारण त्या दिवशी त्यांच्याच तव्यावर बोंबील होते.

संक्रांतीच्या सुमारास मैनाओनं सांगून टाकलं की या महिनाअखेर ती खोली सोडणार आणि गावी जाणार. बाईंच्या काळजात चर्र झालं. खोली काय, दुसऱ्या दिवशी भरली असती. पोरगी कुठून आणणार? रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी आपला सगळ्यात मोठा सल्ला काढला. करिश्माची हिरवी काठापदराची साडी नेस, अंबाडा घाल, माझ्यासोबत हळदी-कुंकवाला चल. गावातली होऊन गेलीस की कोण कशाला बोलतंय. बाईंचं मन मोडवेना म्हणून मैनाओ नेसली.

जाताना रस्त्यावर ट्रकांची ही धूळ. बाईंनी स्वतःचा पदर नाकावर घेतला आणि मैनाओचाही डोक्यावरून पुढं ओढून दिला. टपरीपाशी आल्या तर काय नवल, सगळं बाकडं सावरून बसलं. बाईंचा पुतण्या गोकुळ तिथंच होता. त्यानं आडवी लावलेली मोटरसायकल बाजूला घेतली, पाहुण्यांना वाट करून दिली आणि मान लववून नमस्कारही केला. बाईंची छाती फुगली. साडीचा गुण, त्या पदराआडून पुटपुटल्या.

हळदी-कुंकवाला बायकांनी मैनाओचं कौतुक केलं. वाण म्हणून दोघींना प्लास्टिकचा एकेक डबा मिळाला, वर तिळगूळ. परत निघताना बाई सवयीप्रमाणे दारात बोलत रेंगाळल्या आणि मैनाओ चार पावलं पुढं गेली. दोन्ही हातांत डबे, पदर खांद्यावर घसरलेला. टपरी आली.

"ए मोमो, आज साडी? चायना माल नव्या पाकिटात." बाकडं खदाखदा हसलं.

आवाज गोकुळचा होता. मागून काकू येतेय हे त्याला दिसलं नव्हतं. मालनबाई पाय उचलत मैनाओपाशी पोचल्या आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडून पहिलं हेच निघालं, की अगं, पदर कशाला सोडलास?

मैनाओ रडली नाही. तिनं डबे नीट काखेत धरले.

"मावशी, साडी तुमची. अंबाडा तुमचा. चालले पण तुमच्यासारखीच," ती हळूच म्हणाली. "आता फक्त तोंड राहिलं. ते कुठं ठेवू?"

मालनबाईंनी बाकड्याकडे पाहिलं. तीच साडी, तोच रस्ता, तीच पोरं. जाताना तिचं तोंड पदराआड होतं, तेव्हा नमस्कार झाला होता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली, आणि त्या तशाच टपरीकडे वळल्या.

गोकुळ उठून उभा राहिला. गंमत केली काकू, म्हणाला. मग जरा धीर आल्यावर म्हणाला, तिनंच जरा नीट राहावं ना, कशाला एकटीनं इकडून यायचं. शब्द ओळखीचे होते. महिनोन्‌महिने बाईंच्याच ओट्यावर वापरून गुळगुळीत झालेले.

"बरं," मालनबाई म्हणाल्या. "मग उद्यापासनं तू ह्या रस्त्यानं यायचं न्हाई. मागच्या ओढ्याकडनं जायचं. मान खाली घालून. आन् हसायचं न्हाई."

"मी का म्हणून? रस्ता काय तिच्या बापाचा हाय का?"

"तिलाबी मी ह्येच सांगत हुते. तिनं कवा इचारलं न्हाई, मी का म्हणून. इचारायला पायजे हुतं."

शिवाय गोकुळला रोज दुपारी काकूकडून जाणारा डबा बंद झाला. मैनाची माफी मागशील त्या दिवशी चालू, एवढंच बाईंनी बजावलं. गोकुळ दोन दिवस फुरंगटून वडापाववर राहिला, तिसऱ्या दिवशी सात नंबरच्या दारात येऊन जमिनीकडे बघत सॉरी म्हणाला. मनापासून की वांग्याच्या भाजीसाठी, देव जाणे. गाव काही एका रात्रीत सुधारलं नाही. बाजारात भाजीवाली अजूनही तिला नेपाळची का म्हणून विचारते. फरक इतकाच की आता तिच्याआधी मालनबाईच उत्तर देतात, आणि ते लांबलचक असतं.

महिना संपला त्या सकाळी बाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सात नंबरच्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवून तिकडेच बघत होत्या. दार उघडलं. मैनाओ बाहेर आली, जीन्समध्ये, केस मोकळे आणि पुन्हा तांबडे. हातात बॅग नव्हती, नुसता कामावरचा डबा होता. बाईंच्या जिवात जीव आला.

ती पायरीवर थांबली.

"मावशी, आज हसू का नको?"

मालनबाईंनी ताटातला एक खडा शोधून काढला आणि बाजूला टाकला.

"मला कशाला इचारतीस?" त्या म्हणाल्या. "तोंड तुझं हाय."