अर्धं पाऊल बाजूला

हेमाताई म्हटलं की मला आधी ऐकू येते ती त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांची किणकिण, आणि मग दिसतं ते त्यांचं अर्धं पाऊल. दाराची किल्ली फिरवून त्या अर्धं पाऊल बाजूला व्हायच्या, आयर्लंडमधल्या एनिस गावच्या त्या ओल्या, करड्या उजेडात त्यांचे यजमान विश्वासराव आधी आत शिरायचे, इकडेतिकडे नजर टाकायचे आणि वळून म्हणायचे, "ये न, ग्रँड आहे!" नागपूरचा 'न' आणि आयर्लंडचं 'ग्रँड' त्या एका हाकेत सुखाने नांदत होते. भाड्याचं नवं घर असो, कुणाकडचं दिवाळीचं जेवण असो, नाहीतर परगावचं हॉटेल. अनोळखी जागेत त्यांनी आधी जायचं आणि हाक आली की ताईंनी, असा त्या दोघांच्या संसाराचा रिवाज होता. मी शेजारीण, वयाने लहान. या रिवाजावरून त्यांना भरपूर चिडवायची. ताई लाजून हसायच्या, पण हाकेशिवाय पाऊल उचलायच्या नाहीत.

त्या महासाथीच्या हिवाळ्यात विश्वासराव रुग्णालयाच्या दारातूनही असेच आधी आत गेले. तेव्हाच्या नियमांप्रमाणे ताईंना बाहेरच थांबावं लागलं. काचेचं दार मिटता मिटता त्यांनी मान वळवली होती, असं ताई सांगतात. तोंडावर मास्क होता, ओठ हलले की नाही ते दिसलं नाही. त्यानंतर रोज त्या आवारात गाडी लावून, काचेवरून ओघळणाऱ्या पावसाआड, त्या दाराकडे पाहत बसल्या. हाक आलीच नाही.

पुढे ताई त्याच घरात राहिल्या खऱ्या, पण परक्यासारख्या. अंगातला कोट काढायच्या नाहीत, बाहेरच्या खोलीतल्या कोचावरच निजायच्या, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन परत फिरायच्या. मला वाटे, या बाईला कुठल्या तरी एका दारातून आपल्या पायांनी आत जाता आलं, तर ती जगेल. नाहीतर अशीच उंबऱ्यावर विझून जाईल. तेव्हा मला मोलिझे आठवलं. इटलीत सगळे जातात तिथे जायचं नाही, हा विश्वासरावांचा जुना हट्ट. डोंगरमाथ्यावरच्या गावांचा तो शांत, विसरलेला प्रदेश त्यांनी हेरून ठेवला होता. तिकिटंही काढली होती, पण दोन हजार वीसच्या वसंतात सगळं जग बंद झालं. एकवीसच्या सप्टेंबरात वाटा मोकळ्या झाल्या आणि मी ताईंना घेऊन निघाले.

काय सांगू त्या गावांबद्दल! पिकल्या उन्हात न्हालेले डोंगर, वाळलेल्या गवताचा खरपूस वास, आणि प्रत्येक माथ्यावर एकमेकांना बिलगून बसलेली दगडी घरं, जणू खाली दरीत पडू नये म्हणून त्यांनी हात धरले होते. घंटेचा एक टोला पडायचा आणि दरी तो बराच वेळ घोळवत राहायची. गावात शिरायला जुनी दगडी कमान असायची. तिथवर ताई माझ्याबरोबर निमूट चढायच्या, आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवायच्या. "जाऊन ये न तू. मी बसते इथेच." मी एकटीच गल्ल्यांतून फिरायची, उंबऱ्यावर टोमॅटो चिरणाऱ्या म्हाताऱ्या पाहायची, चौकातल्या कारंज्याचं गार पाणी तोंडावर घ्यायची, आणि जड पावलांनी परतायची. ताई एवढंच विचारायच्या, "आत ऊन आहे का गं?"

शेवटच्या गावी मला राहवलं नाही. कमानीतून आत जाऊन मी वळले आणि हाक मारली, "या न ताई, ग्रँड आहे!"

ताई उठल्या. बांगड्या किणकिणल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला, आणि त्या भराभर चालत कमानीच्या सावलीपर्यंत पोचल्या. तिथे त्यांनी हात दगडावर टेकवला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तो उजेड पुसला गेला. "तू नको म्हणू गं," त्या हळूच म्हणाल्या आणि कट्ट्याकडे परत फिरल्या. त्या क्षणी मला विश्वासरावांचा विलक्षण राग आला. एखाद्याला आपल्या हाकेची इतकी सवय लावून ठेवायची, आणि मग असं गप्प व्हायचं?

एनिसला परतलो तेव्हा संध्याकाळचा बारीक पाऊस लागला होता. मी बॅगा घेऊन मागे उभी होते. ताईंनी किल्ली फिरवली, दार लोटलं, आणि नेहमीसारख्या त्या अर्धं पाऊल बाजूला झाल्या.

एक माणूस जाऊ शकेल एवढी जागा दारात मोकळी राहिली. आतला काळोख दिसत होता. पाऊस त्यांच्या कोटावर साचत होता, आणि त्या मान किंचित कलती करून ऐकत होत्या. माझ्या ओठांवर 'या' आलं होतं, पण ती हाक माझी नव्हती. आठवण माणसाला दारापर्यंत आणून सोडते. 'ये' म्हणायला मात्र आत कुणीतरी असावं लागतं.