काजळी नव्हती ती

कारखान्यात त्याला सगळे ‘चकाचक’ म्हणत. झीज तपासायच्या खोलीत त्याचं राज्य होतं. टेबलावर बोट फिरवा, धूळ लागली तर नाव बदलीन, अशी त्याची घमेंड. त्या घमेंडीनेच घात केला बघा!

टायटॅनियमचा मिश्रधातू हलका, मजबूत. पण घासला की लगेच ओरखडतो, चिकटतो. नुसत्या वंगणाने भागत नाही. म्हणून भट्टीवाल्याने, म्हणजे चकाचकच्या बायकोच्या धाकट्या भावाने, दोन वर्षं खपून युक्ती बसवली होती. या धातूच्या चकत्या भट्टीत तापवायच्या, की वर केसाहून पातळ, कडक, राखाडी थर चढतो आणि त्यावर वंगण टिकतं.

चकाचकने घेतलेल्या चाचणीत मात्र बाराच्या बारा चकत्या तासाभरात खरवडल्या गेल्या. साहेबांनी चारचौघांत भट्टीवाल्याची खरडपट्टी काढली आणि त्याला पॅकिंगला धाडलं. चकाचक शेजारीच बसला होता. “आकडे काय खोटं बोलतात?” असं वर म्हणालाही. तेव्हापासून बायको घरात त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आज कपाट आवरताना त्याच खेपेतली, मागे राहिलेली तेरावी चकती हाती लागली. राखाडी, कळकट. “काय ही काजळी!” म्हणत त्याने सवयीने पॉलिश पेपर उचलला आणि हात तिथेच थबकला. अरे देवा! त्या बाराही त्याने अशाच लख्ख घासल्या होत्या. काजळी समजून थरच उतरवला होता.

त्याने तेरावी तशीच यंत्रावर चढवली. तोच भार, तेच वंगण. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, तरी चकतीवर साधा ओरखडा नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो पॅकिंगमध्ये गेला. भट्टीवाला खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

“माझं चुकलं रे. चकत्या मीच घासल्या होत्या.”

“माहितेय, भावोजी. परत आल्या तेव्हाच दिसलं. ओरखड्यांच्या आजूबाजूला आरशासारख्या चमकत होत्या.”

“मग साहेबांसमोर बोलला का नाहीस?”

“तुमची नोकरी गेली असती. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?” त्याने पट्टी दातांनी तोडली. “जाऊ दे आता. राहू दे.”

‘राहू दे’ ऐकलं आणि चकाचकला आधी हायसं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची त्याला अशी लाज वाटली, की भट्टीवाल्याकडे बघवेना. शी! आपण माफी मागायला आलो होतो, की हेच ऐकायला?

तो तडक वर गेला. साहेबांच्या खोलीत तीच माणसं बसली होती, त्या दिवशीची. त्याने चकती टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी चकती उचलून राखाडी थरावर बोट फिरवलं. “हे कधी कळलं तुम्हाला?”

“आज,” तो म्हणाला. “त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”