बंधाऱ्यातली वाट

विळीवर बांगड्याचं डोकं उडवून कुसुमताईंनी तो ताटात टाकला आणि दुसरा उचलला. दिवसभर शहरातल्या डांगे चौकात मासळी विकून आलेली बाई बिल्किसच्या स्वयंपाकघरात पुन्हा मासळीच साफ करत बसली होती, म्हणजे काहीतरी मागायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. काय मागायचंय ते बिल्किसला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणायचं, हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

दोघी कोकणातल्या एकाच गावच्या. तिथला किनारा दरवर्षी समुद्र खातो. दगडी बंधारा मंजूर होता, पुढाऱ्यांनी दोनदा नारळही फोडला होता. दगड मात्र एकही पडला नव्हता. होड्या वर ओढायला कोळ्यांना बंधाऱ्यात वाट हवी, आणि खडक नसलेली जागा एकच, कबरस्तानासमोरची. वाटेतून उधाण कबरींवर येईल म्हणून मोहल्ल्याची जमात अडून बसली. बंधाऱ्याचे सरकारी साहेब म्हणाले, गाव एक होईल तेव्हा दगड येतील. शेवटी जमातीनं अंग काढून घेतलं. समुद्राकडची पहिली कबर बिल्किसच्या अम्मीची. बिल्किसनं हो म्हटलं तर आमची ना नाही, असं जमातीनं कळवलं. गॅरेजला जाताना तिचा नवरा इकबालही एवढंच म्हणाला होता, "तुझी अम्मी, तू ठरव."

"बोल की, ताई," बिल्किस म्हणाली.

"काय बोलू, बाय? माझ्या बाळंतपणात तुझ्या आईनं मला न्हाऊ घातलं. तिच्याच पुढ्यात दर्याला वाट द्या, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

बिल्किसला भरून आलं. ठरवलेलं 'नाही' ओठांवर येईना. उगाच वाहणारा नळ तिनं बंद केला.

"पावसाळ्यात तुझी होडी कुठं असते?"

"देवळामागं, झावळ्यांनी शाकारून. भिवा भावजी बघतात. का गं?"

"यापुढं त्या वाटेतच लाव. आडवी. अम्मीच्या पुढ्यात."

कुसुमताईंचा हात थांबला. नवऱ्यामागं राहिलेली ती एकच होडी. गावाकडचं घर तिच्यावर चालत होतं. उधाण आलं तर आधी होडीवर आदळणार, मग कबरीवर. हे एकमेकींना समजावून सांगायची गरज नव्हती.

कुसुमताईंनी हातातला बांगडा खाली ठेवला.

"लावते," त्या म्हणाल्या. "पण शाकारायला तू यायचंस. किती वर्षं झाली, आईकडं फिरकली नाहीस."

बिल्किसनं पदरानं डोळे पुसले, कोपऱ्यातली दुसरी विळी ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.