खरं सांगून काढलेली दाढ

वेदिकाने स्कूटरचा आरसा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि उतरायला साफ नकार दिला. समोर मांडवीचा समुद्र होता, पण ती तिकडे ढुंकून बघेना. तिची नजर रस्त्यापलीकडच्या दातांच्या दवाखान्याच्या जिन्यावर होती.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मागे तिच्या आजीने, येसूबाईने, समुद्रावर भेळ खायला जाऊ म्हणून तिला थेट हा जिना चढवला होता. पुढच्या खेपेला आईने सांगितलं, डॉक्टर नुसते दात मोजतात. तेव्हा वेदिका डॉक्टरीणबाईंच्या बोटाला कडकडून चावली आणि पळून आली. तेव्हापासून ती मांडवीला यायचं नावच काढत नसे.

आज तिला आणायची पाळी तिच्या बाबाची, रितेशची होती. तो बोटीवर नोकरीला, सध्या सुट्टीवर. वेदिकाच्या गालाची सूज औषधाने उतरली होती, पण किडकी दाढ काढली नाही तर पू पुन्हा भरेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. निघताना येसूबाईने त्याला पढवलं होतं, काय नाय करत डॉक्टर असं सांग. ते वाक्य त्याच्या ओठांवर आलंही. पण पोरगी त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याने ते गिळलं. वर्षातले थोडे दिवस भेटणाऱ्या बापावरचा तिचा विश्वास उडाला, तर तो परत मिळवायला त्याच्याकडे वेळ कुठे होता?

"आज दाढ काढायचीय," तो उकिडवा बसून म्हणाला. "सुई टोचतील. ती दुखते. मग गाल बधिर होतो. ओढलेलं कळतं, पण तेवढं दुखत नाय."

"तुला काय माहीत?"

त्याने आ वासून मागची रिकामी जागा दाखवली. "सिंगापूरला काढली. रडलो होतो. कप्तानासमोर."

वेदिकाने त्या जागेत बोट घालून नीट खात्री केली. मग आरसा सोडला आणि ती जिना चढली. काहीही करायच्या आधी मला सांगायचं, अशी तिची अट होती. चाव्याची आठवण ताजी असलेल्या डॉक्टरीणबाईंनी ती आनंदाने मान्य केली.

आणि खरंच, त्या प्रत्येक हत्यार आधी दाखवत गेल्या, त्याचं काम सांगत गेल्या. सुईच्या वेळी वेदिका अशी किंचाळली, की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. पण ती खुर्चीतून हलली नाही. रितेशचा हात तिने पिळून काढला, तोही हलला नाही. थोड्या वेळाने दाढ तिच्या तळहातावर होती.

निवडणूक जिंकल्यासारखी ती बाहेर आली. बाकावर आईच्या पदराआड दडलेल्या मुलापुढे तिने दाढ धरली आणि कापूस दाताखाली दाबून म्हणाली, "सुई दुखते. बाकी काय नाय." मग औषधाच्या दुकानदाराला, नारळपाणीवाल्याला, जो भेटेल त्याला ती दाढ बघावी लागली. रितेशची छातीही उगाच फुगली होती.

स्कूटरपाशी ती थांबली.

"बाबा, बोटीवर कधी जाणार?"

 दर खेपेला रितेश पहाटे, ती झोपेत असतानाच निघायचा. मागाहून तिला सांगायचे, बाबा बाजारात गेलाय. पोर रडू नये म्हणून घरात हीच रीत होती. त्याचा बापही असाच निघून जायचा, आणि लहानगा रितेश संध्याकाळपर्यंत बाजाराच्या वाटेकडे बघत बसायचा.

"येत्या रविवारी," तो म्हणाला. "नऊ महिने."

 दाढ मुठीत घट्ट धरून वेदिका समुद्राकडे बघत राहिली.

"मला उठव," ती म्हणाली. "मी स्टेशनावर येणार."

"रडशील गो."

"रडेन. पण येणार."

रितेशने मान डोलावली. मग त्याने डोळे पुसले, आणि ते तिच्यापासून लपवले नाहीत.